मागच्या खोलीतली शिट्टी

४ मार्च

ताई,

अप्पा गेल्यावरही त्यांच्या खोलीत वाजते म्हणतेस ती शिट्टी ऐकायला आलो, ते मला केवढ्याला पडलं ते आधी सांगतो. वर्कशॉप बंद ठेवलं. छापखान्याची मोटार वाइंडिंगला यायची होती, ती समोरच्याकडे गेली. आता तिच्यामागून त्यांच्या बाकीच्या मोटारीही जातील. येताना बसच्या खिडकीची काच वर सरकेना, मान धरली ती अजून सुटलेली नाही. आणि बायकोच्या भाचीचं लग्न सोडून तुझ्याकडे आलो म्हणून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. एवढं सगळं घालून पदरात काय पडलं? सकाळच्या पारी डोळे मिटून बसलेली आठ-दहा माणसं आणि एक भिंत.

भिंत गप्प होती, ताई.

तू माझा दंड धरून म्हणालीस, "हे बघ, आत्ता! अप्पाच! ऐकलंस?" सगळ्यांचे चेहरे असे उजळले की जणू कुणीतरी बिल माफ केलं. मी श्वास रोखून ऐकलं. काही नाही. मग पिशवीतला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक भिंतीला लावलं, मूठ कानाला. मोटारीच्या पोटात काय चाललंय ते मी असंच ऐकतो. फरशीपासून छतापर्यंत वीत-वीत भिंत ऐकली. शेजारच्या जिन्यावरून कुणीतरी जड माणूस उतरला, तो ऐकला. मागच्या रस्त्याने ट्रक गेला, तो ऐकला. शिट्टी नाही. तुझ्या बैठकीसमोर बोललो तेच आता लेखी देतो: त्या भिंतीत, त्या फरशीत, त्या पाण्याच्या पाइपात कसलाही आवाज नाही. जो आहे तो तुझ्या डोक्यात आहे, आणि तो तिथे बसवलाय त्या टेलिफोनवाल्या बाईने.

बाईचं एक मानलं पाहिजे. उभा जन्म एक्स्चेंजमध्ये बसून लांबचे कॉल जोडून दिले. निवृत्त झाली तरी धंदा सोडला नाही, फक्त अंतर वाढवलं. मी निघालो तेव्हा दारात माझ्याशी काहीतरी पुटपुटली. मी "हो, हो" म्हटलं आणि सुटलो. हल्ली जो तो पुटपुटतो.

माझ्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय ते आठव. 'आवाज ऐकून दोष सांगतो.' उगाच नाही लिहिलेलं. लोक फोनवर मोटार ऐकवतात, मी इथे बसून बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय ते सांगतो. अप्पांनी गिरणीत बॉयलरवर आयुष्य घालवलं. मी शाळा सोडली, हातात पाना घेतला, आणि जे काही उभं केलं ते या दोन कानांच्या जिवावर. ज्या आवाजाला हे कान नाही म्हणतात, तो आवाज जगात नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून त्या खोलीत लाव.

बैठक बंद कर. मग एकतर माझ्याकडे राहायला ये, नाहीतर डोक्याच्या डॉक्टरकडे चल. तिसरा रस्ता मी ठेवलेला नाही.

ठोक्या


१२ मार्च

ठोक्या,

दिसेल ती वस्तू ठोकून बघायचास म्हणून अप्पांनी तुला हे नाव ठेवलं. आता माणसंही ठोकायला लागलास.

पत्र लिहिते, कारण फोनवर तू ओरडतोस. शिवाय मी विचारते एक आणि तू सांगतोस भलतंच. परवा म्हटलं, "गुडघा फार दुखतो रे," तर म्हणालास, "काळजी करू नको, उद्या माणसाबरोबर पाठवून देतो." काय पाठवणार होतास, गुडघा?

तू माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या माणसांसमोर मला वेडी ठरवून गेलास. तरी मी तुझे आभार मानायला बसले आहे. का, ते ऐक.

तू जिला नावं ठेवतोस त्या टेलिफोनबाई ही शिट्टी पहिल्यांदा ऐकून काय म्हणाल्या माहीत आहे? "पाणी येतं त्याच वेळेला वाजते. आधी प्लंबरला दाखवा." मी दाखवणारही होते. मग विचार केला, परका प्लंबर कशाला? आपल्या घरात कानाने दोष पकडणारा माणूस आहे. म्हणून तुला बोलावलं. तुला वाटलं मी तुला भजायला बोलावलं होतं? मी तुला तपासायला बोलावलं होतं.

तू तपासलंस. पाइपात काही नाही म्हणून लिहून दिलंस. बाई अजूनही म्हणतात, "तरी एकदा दाखवा." मी त्यांना स्पष्ट सांगितलं, माझ्या भावाशी भांडायचं ते मी भांडीन, त्याच्या कानांवर तुम्ही शंका घ्यायची नाही. पाइपाचा आवाज असता तर त्याने पकडला असता. त्याने पकडला नाही, म्हणजे पाइपाचा नाही. मग कुणाचा? त्या खोलीत आरशासमोर दाढी करताना, पुढचा दात पडला होता त्या फटीतून कोण वाजवायचं? हळूच वर चढायची आणि मग घसरगुंडीवरून यावी तशी खाली. अगदी तशीच वाजते. तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. ज्यांच्या मनात थोडी धाकधूक होती तेही आता येऊन बसतात.

आणि तुला ऐकू आली नाही याचं मला नवल वाटत नाही. जिवंतपणी तरी तू त्यांचं कधी ऐकलंस? दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी औषध आणायला खाली गेले होते. परत आले तर अप्पा तुझ्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. मी दारातून पाहिलं. तू "हो, हो" करत मान हलवत होतास. काय म्हणाले विचारलं, तर "काही नाही." संध्याकाळी ते गेले. त्यांचं शेवटचं बोलणं तू खिशात घालून घरी घेऊन गेलास आणि वर्ष होत आलं तरी मला दाखवत नाहीस. मी त्या खोलीत कशाला बसते असं तुला वाटतं? जे तू सांगत नाहीस ते त्यांच्याकडूनच कळेल म्हणून.

ते काय म्हणाले ते आधी सांग. मग माझ्या डोक्याचं बघ.

ताई


२० मार्च

ताई,

तुझ्या बुद्धीला लोटांगण. मी लिहून दिलं, पेटीत चोर नाही. तू त्यातून काढलंस, म्हणजे न दिसणारा चोर आहे! माझं 'नाही' म्हणजे नाही. त्याच्या पोटातून अप्पा निघत नाहीत. पाण्याच्या वेळेला वाजते म्हणे. पाण्याच्या वेळेलाच तर मी भिंतीला कान लावून उभा होतो! आणि माझं पत्र तू त्या लोकांना वाचून दाखवलंस? दुकानाची पाटी तेवढी उचलून नेऊन तिच्यापुढे दिवा लावायचा राहिलाय.

आता दवाखान्याचं. हे मी एकदाच लिहितो. अप्पा माझ्याशी काही बोलले नाहीत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जीव कमी झाला होता त्यांचा, नुसती हवा येत होती. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून मी "हो, हो" म्हटलं. यात लपवायचं काय? आवाज असता तर मला ऐकू आला नसता का? मी काय बहिरा आहे? सख्ख्या भावाला चोर ठरवायला निघालीस, तेही कुठल्या चोरीबद्दल, तर एका मुक्या माणसाच्या शब्दांच्या!

तुझं पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. म्हणते, "वन्सं फोनचं लिहितात ते काही खोटं नाही." तीही तुझ्या बाजूला. आमच्या टीव्हीच्या आवाजावरून शेजारचा वकील भांडून गेला, त्यातही ती त्याच्याच बाजूला होती. हल्लीचे टीव्हीच फुसके, त्याला मी काय करू? दुकानातल्या कारागिरांना दहादा सांगितलं, तोंडातल्या तोंडात बोलू नका. ते आता माझ्याशी खुणांनी बोलतात, वर हसतात.

मुद्द्याचं: डोक्याच्या डॉक्टरशी बोललो आहे. भला माणूस आहे, त्याचा पंप मीच दुरुस्त करतो. महिनाअखेरीला त्याला घेऊन येतो. येताना कुलूपही आणतो, त्या खोलीला घालायला. घर अप्पांनी दोघांच्या नावावर ठेवलंय, तेव्हा निम्मं कुलूप माझं.

ठोक्या


२८ मार्च

अहो वर्कशॉपवाले,

यापुढे तुम्हाला अहो-जाहो करायचं ठरवलं आहे, परक्या माणसाला करतात तसं.

डॉक्टर आणलात तर दोघांना खिडकीतून चहा मिळेल. दार उघडणार नाही. कुलूप आणलंत तर ते तुमच्या तोंडाला घाला, तिथे त्याची जास्त गरज आहे.

मी माझा पलंग मागच्या खोलीत हलवला आहे. पूर्वी शिट्टी पाणी येताना तेवढी वाजायची. आता पाणी जाईपर्यंत वाजते. जरा घोगरीही झाली आहे. अप्पांचा आवाज शेवटी तसाच झाला होता. तुम्हाला कुठून आठवणार, तुमच्या मते तर आवाजच नव्हता. फरशी पायाला गार लागते. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि त्या खोलीत पाऊल ठेवलं की कसं शांत होतं. ते असताना ती खोली अशीच गार असायची.

टेलिफोनबाईंशीही मी कडाक्याने भांडले. म्हणाल्या, "फरशी गार लागते म्हणता, आता तरी माणूस बोलवा." मी म्हटलं, तुम्हाला बसायचं तर बसा, नाहीतर दार तिकडे आहे. त्या बसल्या.

तुम्ही म्हणता ते काही बोलले नाहीत. मी पाहिलं आहे. माणूस नुसती हवा सोडायला कुणाचा कान ओढून जवळ घेत नाही रे! त्यांनी तुझा कान धरला होता, ठोक्या. लहानपणी धरायचे तसा.

चुकून अरे-तुरे झालं. तेवढं खोडून वाचा.

घरमालकीण (निम्मी)


४ एप्रिल

घरमालकीणबाई,

शिट्टी झाली, आता गारवा. पुढच्या पत्रात पंखाही फिरेल. मेल्यावर अप्पांनी बॉयलरचं काम सोडून थंड हवेच्या मशीनचं घेतलेलं दिसतंय. उन्हाळा आहे, आमच्याही चार गिऱ्हाइकांना त्यांचा पत्ता दे.

डॉक्टरला सांगितलं, राहू दे. ज्याला बरं व्हायचं असतं त्याला औषध. कुलूप परत दुकानात टांगलं. मी हात झटकले. तू, तुझी बाई, तुझी शिट्टी, काय तो गोंधळ घाला. मला पुन्हा लिहू नको. गार फरशीवर अनवाणी फिरू नको, सर्दी झाली तर तीही अप्पांनीच पाठवली म्हणशील.

ठोक्या


२५ एप्रिल

ठोक्या,

अक्षर टेलिफोनबाईंचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात प्लास्टरात आहे.

मागच्या खोलीची फरशी खचली. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तो खालीच गेला. मी मनगटावर आपटले. पलंगाचा एक पायही खड्ड्यात उतरला; माझ्या अंगावर आला नाही हे नशीब. आरडाओरडा ऐकून शेजारच्यांनी दार फोडलं. मी आतून कडी घातली होती, तू कुलूप घेऊन येशील म्हणून.

शेवटी प्लंबर आला. फरशीखालच्या पाइपाला आधी सुईने पाडावं एवढं भोक पडलं असणार. तिथून पाण्याची धार जोराने सुटायची आणि खालची माती थोडी-थोडी घेऊन जायची. भोक मोठं होत गेलं तसा आवाज घोगरा होत गेला. प्लंबर हातातला पाइप फिरवून बघत म्हणाला, "बाई, हा तर शिट्टी घालत असणार. एवढे दिवस कुणाला ऐकू नाही आली?" मी काय सांगू त्याला? सगळ्यांना ऐकू आली, एकाला सोडून. आणि मी त्या एकाचं ऐकलं.

तू आता नाचशील. ताई वेडी ठरली, अप्पा-बिप्पा काही नव्हतं, पाइप होता. तर नाचू नको. तू पाइप आहे असं म्हणाला नव्हतास. तू म्हणालास, आवाजच नाही. मी आवाज बरोबर ऐकला, माणूस चुकले. तू तेवढंही केलं नाहीस. मी आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तोही अप्पांच्या शिट्टीवर नाही, तुझ्या कानांवर. बाई तीनदा प्लंबर म्हणाल्या, तीनदा मी तुझी पाटी त्यांच्या तोंडावर फेकली.

पाइप नवा टाकला. सकाळी पाणी येतं तेव्हा मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. काही वाजत नाही.

(इथे त्या थांबल्या. पुढचं लिहू नका म्हणाल्या, मी लिहिते आहे: "अप्पा दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांना प्लंबरने नेलं, मी चहा पाजून त्याला निरोप दिला.")

खड्डा तसाच आहे. तू येऊ नको.

ताई

खाली चार ओळी माझ्या. 'अंतर वाढवलं' हा तुमचा विनोद बैठकीत मोठ्याने वाचला गेला, बरा होता. पण मी कुणाला कुणाशी जोडून देत नाही. आम्ही नुसते बसतो. कुणाला काय भेटतं ते ज्याचं त्याला ठाऊक. तुमचे वडील तिथे असतील की नसतील ते मला माहीत नाही. पाइप फुटका होता म्हणून ते नव्हतेच, असंही मी म्हणणार नाही. मी पाइपाचं पाइपाला म्हटलं, एवढंच.

त्या दिवशी दारात मी पुटपुटले नव्हते. तुमच्या पाठीमागून चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं होतं, "तुम्हाला खरंच शिट्टी ऐकू येत नाही का?" तुम्ही वळून म्हणालात, "हो, हो." मी जन्मभर कानाला हेडफोन लावून बसले. पलीकडचा माणूस ऐकतोय की ऐकू न येता हो-हो करतोय, ते मला कळतं. कान तपासून घ्या.


१० मे

ताई,

येऊ नको म्हणालीस तरी रविवारी येतोय. खड्डा भरायचं काम प्लंबरचं नव्हे. भर थराथराने टाकून, पाणी मारून, ठोकून बसवावी लागते, नाहीतर पुन्हा खचेल. ठोकायला माझ्याइतका माणूस तुला मिळणार नाही. दार उघडायचं नसेल तर खिडकीतून फावडं दे.

तुझ्या टेलिफोनबाईला सांग, मला तिचा राग आलाय तो गेलेला नाही. फुटक्या पाइपातून माणूस शिल्लक ठेवायची तिची ही तऱ्हा मला पटत नाही, पटणार नाही. पाइप तो पाइप. आणि मी पाइप आहे म्हणालो नव्हतो, आवाजच नाही म्हणालो होतो, हे तू लिहिलंस ते तुझी भावजय रोज जेवताना मला ऐकवते. मोठ्याने.

अप्पांनी कान धरला होता. ते मी तुला लिहिलं नव्हतं, तू दारातून पाहिलंस. धरला होता खरा, चांगला दुखेपर्यंत. म्हणजे काहीतरी सांगत असणार. तू दारात होतीस, तुला त्यांचं तोंड दिसत होतं. ओठांवरून काही कळलं का? एखादा शब्द? माझं नाव होतं का, तुझं होतं का? कळलं नसेल तर तुझ्या त्या बाईंना बैठकीत एकदा विचार की

नको. ही ओळ खोडली आहे. खोडलेलं वाचता येत असलं तरी वाचू नको आणि बाईंना तर मुळीच दाखवू नको.

आता कानांचं. मी गेलो होतो. तपासायला नाही, बाईला खोटं पाडायला. कागद घेऊन तुझ्या बैठकीत वाचून दाखवणार होतो.

काचेच्या एका खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी पोरगी काचेपलीकडे. सुरुवातीला जाड-जाड आवाज आले, ते मी असे पटापट दाबले की पोरगी हसली. मी तिला अंगठा दाखवला. मग आवाज थांबले. मी बसून राहिलो. ती काहीतरी फिरवायची, माझ्याकडे बघायची, लिहायची, पुन्हा फिरवायची. बराच वेळ असं चाललं. शेवटी मी हेडफोन काढला, काचेवर ठोकलं आणि तिला सांगितलं, "पोरी, तुझं मशीन बंद पडलंय. आण इकडे, उघडून बघतो."

मशीन चालू होतं.

ठोक्या